माशी, खाच आणि नेम : लांब पल्ल्याच्या रिव्हॉल्व्हरवरील लोखंडी साधनांची निवड

शस्त्रविद्येचा विषय भाषाविभागाच्या पत्रिकेत कसा आला, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. म्हणून या लेखाला निमित्त झालेला प्रसंग प्रथम सांगतो. मुक्ताईनगर परिसरातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. पंचवीस मीटरांवर ते ठीक चाले, परंतु सरावाच्या मैदानावर पन्नास मीटरांपुढे गोळ्या लक्ष्याच्या खाली पडू लागल्या. एका अनुभवी गृहस्थाने त्याला सल्ला दिला, ‘माशी वर घ्या.’ विद्यार्थ्याने आज्ञाधारकपणे कारागिराकडून जुनी माशी काढवून तिच्या जागी अधिक उंच माशी बसवून घेतली. परिणाम असा झाला की गोळ्या पूर्वीपेक्षाही खाली पडू लागल्या. सल्ला चुकीचा नव्हता आणि त्याचे पालनही शब्दशः झाले होते. दोष होता तो ‘वर घेणे’ या क्रियापदाचा. त्याचे दोन अर्थ होतात आणि ते दोन अर्थ गोळीला परस्परविरुद्ध दिशांना नेतात. हे कसे घडते याचा उलगडा करणे, आणि त्या ओघात लांब पल्ल्यासाठी माशी व खाच कशी निवडावी हे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दांची पूर्वपीठिका

बंदुकीच्या वा रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या पुढच्या टोकावर जो लहानसा उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात, आणि मागच्या बाजूस, डोळ्याच्या जवळ, जी चीर असते तिला खाच म्हणतात. खाचेतून माशी पाहावयाची आणि माशीवर लक्ष्य बसवावयाचे, हे नेम धरण्याचे मूळ सूत्र होय. या साधनांना ‘लोखंडी’ हे विशेषण मागाहून चिकटले. दुर्बीण बसविण्याची सोय होण्यापूर्वी सर्वच साधने लोखंडी होती, तेव्हा तसे म्हणण्याचे कारणच नव्हते. काडतुसाच्या बंदुका आल्यावर जुन्या बंदुकीला ‘ठासणीची’ म्हणण्याची गरज भासली, तसाच हा प्रकार आहे. नवी वस्तू आली की जुन्या वस्तूला नवे नाव घ्यावे लागते.

माशी हा शब्द तर विशेष उद्बोधक आहे. हिंदीत याच अवयवाला मक्खी म्हणतात. फारसीत त्याचे नाव ‘मगसक’, म्हणजे लहान माशी. रशियनमध्ये ‘मुश्का’ आणि पोलिशमध्ये ‘मुश्का’च, अर्थ तोच. मराठी-हिंदी शब्द हे फारसीवरून केलेले भाषांतर असावे असे मानावयास जागा आहे. मात्र नळीच्या टोकावर बसलेला काळा ठिपका पाहून निरनिराळ्या भाषिकांना स्वतंत्रपणेही माशीच आठवणे अशक्य नाही. इतरांना तेथे धान्याचा दाणा दिसला. जर्मन भाषेत या अवयवाला ‘कोर्न’ म्हणजे दाणा म्हणतात, तर तुर्कीत ‘अर्पाजिक’ म्हणजे जवाचा लहान दाणा. जुन्या माशा आकाराने खरोखरच गोल वा दाण्यासारख्या असत. आजच्या नेमबाजीच्या माशीचा आकार चौकोनी पट्टीसारखा झाला, तरी नाव बदललेले नाही.

नेम आणि शिस्त या दोन शब्दांची कथाही येथेच सांगण्याजोगी आहे. ‘नेम’ हा संस्कृत ‘नियम’ शब्दाचा तद्भव. एकादशीचा नेम आणि बंदुकीचा नेम हे मुळात एकच. उलट ‘शिस्त’ हा शब्द फारसी ‘शस्त’ म्हणजे अंगठा, धनुर्धराची अंगठ्यातील कडी, यावरून आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम, रोख असा होता. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. पुढे त्याला वळण, व्यवस्था हा आजचा अर्थ प्राप्त झाला. म्हणजे एक शब्द नियमाकडून नेमाकडे गेला, तर दुसरा नेमाकडून नियमाकडे. ‘वेध’ या शब्दानेही असाच प्रवास केला. भोसकणे या अर्थाच्या धातूपासून निघून तो वेधशाळेपर्यंत पोहोचला. अचूक पाहणे आणि तेच पुन्हापुन्हा तसेच करणे या दोन कल्पना मराठी मनाने एकत्र गुंफल्या आहेत, आणि पुढील विवेचनात दिसेल की नेमबाजीचे शास्त्रही याहून निराळे काही सांगत नाही.

२. लांब पल्ला म्हणजे किती?

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत ‘लांब’ हा शब्द सापेक्ष आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेंटर-फायर पिस्तुलाची स्पर्धा पंचवीस मीटरांवर होते व तीत रिव्हॉल्व्हरही चालते. लक्ष्यावरील काळे वर्तुळ २० सेंटिमीटर व्यासाचे आणि दहा गुणांचे वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचे असते. या अंतरावर महाराष्ट्राची कामगिरी मोठी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. त्या प्रकारात शस्त्र स्वयंभरणाचे असले तरी साधने लोखंडीच असावी लागतात. भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांना परिचित आहे.

पंचवीस मीटरांच्या पुढे गेले की लांब पल्ल्याचा प्रदेश सुरू होतो. मेक्सिकोत उगम पावलेल्या आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत हातशस्त्रांसाठी रूढ झालेल्या एका खेळात पोलादी पत्र्याची कोंबडी ५० मीटरांवर, डुक्कर १०० वर, टर्की पक्षी १५० वर आणि मेंढा २०० मीटरांवर उभा करतात, व तो नुसता लागून भागत नाही, आडवा पाडावा लागतो. याच चार अंतरांना आपण या लेखात लांब पल्ला म्हणू.

खानदेशाला बंदुकीची ओळख नवी नाही. जेम्स औट्रमने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे ठाणे धरणगावास होते, आणि आमच्या शेजारच्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत १९६० च्या दशकापासून लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. तथापि नागरिकांजवळ परवान्याने असणारी रिव्हॉल्व्हरे बहुधा आखूड नळीची व अचल साधनांची असतात. त्यांचे प्रयोजन निराळे आहे. ती लांब पल्ल्याला का चालत नाहीत, हे पुढील भूमितीवरून कळेल.

३. थोडी भूमिती

माशी आणि खाच यांतील अंतराला आपण ‘नेमरेषेची लांबी’ म्हणू. खाचेच्या तुलनेत माशी जितकी सरकेल, तितक्या पटीने गोळी लक्ष्यावर सरकते, आणि ही पट म्हणजे लक्ष्याचे अंतर भागिले नेमरेषेची लांबी. नेमरेषा २० सेंटिमीटर असेल आणि माशी खाचेत केवळ एक दशांश मिलिमीटर बाजूला गेली, तर पंचवीस मीटरांवर गोळी सव्वा सेंटिमीटर सरकेल, शंभर मीटरांवर ५ सेंटिमीटर आणि दोनशे मीटरांवर १० सेंटिमीटर. नेमरेषा १२ सेंटिमीटरच असेल, तर याच चुका जवळजवळ पावणेदोन पट होतात. म्हणून निवडीचा पहिला नियम असा की नेमरेषा शक्य तितकी लांब असावी. पंचवीस मीटरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती २२० मिलिमीटरांपेक्षा अधिक नसावी अशी मर्यादाच घातलेली आहे. लांबीचा फायदा इतका उघड आहे की नियमाने तो आवरावा लागला.

याउलट, हात थरथरून संपूर्ण शस्त्र जसेच्या तसे एक सेंटिमीटर बाजूला गेले, पण माशी खाचेच्या मध्यावर राहिली, तर गोळी लक्ष्यावर सुमारे एकच सेंटिमीटर चुकते. समांतर सरकण्याची चूक वाढत नाही, कोनाची चूक अंतराबरोबर वाढते. यावरून नेमबाजीतील तो जुना उपदेश समजतो की दृष्टी माशीवर ठेवावी, लक्ष्यावर नव्हे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. लक्ष्य थोडे अस्पष्ट झाले तर चूक लहान होते, माशी अस्पष्ट झाली तर मोठी.

आता गोळीच्या पतनाचा विचार करू. हवेचा विरोध क्षणभर बाजूस ठेवला आणि गोळीचा वेग सेकंदास २६० मीटर धरला, तर पंचवीस मीटर जाईपर्यंत गोळी साडेचार सेंटिमीटर पडते, शंभर मीटर जाईपर्यंत सुमारे ७३ सेंटिमीटर, आणि दोनशे मीटर जाईपर्यंत २ मीटर ९० सेंटिमीटर. प्रत्यक्षात हवेमुळे वेग घटतो व पतन याहून अधिक होते. पतन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, परंतु त्यासाठी नळीला द्यावयाचा कोन अंतराच्याच प्रमाणात वाढतो. २० सेंटिमीटरांच्या नेमरेषेवर दर पंचवीस मीटरांमागे हा कोन म्हणजे खाचेच्या उंचीत सुमारे ०.३६ मिलिमीटरांची भर. म्हणजे पंचवीस मीटरांसाठी लावलेले शस्त्र शंभर मीटरांसाठी लावावयाचे, तर खाच सुमारे १.१ मिलिमीटर उचलावी लागेल, आणि दोनशे मीटरांसाठी सुमारे अडीच मिलिमीटर. नखाच्या जाडीच्या हिशेबात हे आकडे येतात, आणि लांब पल्ल्याचे सारे यश या आकड्यांवर अवलंबून असते.

येथे रिव्हॉल्व्हरचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. बार उडताच, गोळी नळीच्या बाहेर पडण्यापूर्वीच, नळीचे तोंड वर उचलू लागते. म्हणून रिव्हॉल्व्हरची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते आणि नेम धरताना नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते. जड व मंद गोळी नळीत अधिक काळ राहते म्हणून ती जवळच्या अंतरावर हलक्या व वेगवान गोळीपेक्षा वर लागते. काडतूस बदलले की साधनांचे माप पुन्हा जुळवावे लागते, ते यामुळे.

४. खाच व माशी यांची निवड

अचल साधनांच्या रिव्हॉल्व्हरांत खाच म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेली चीर असते. ती मजबूत असते, धक्का लागून हलत नाही, परंतु एकाच अंतराला व एकाच काडतुसाला जुळते. लांब पल्ल्यासाठी मळसूत्राने वरखाली व डावी-उजवीकडे सरकणारी खाच जवळजवळ अपरिहार्य समजावी. तिची कसोटी एवढीच की मळसूत्र फिरविल्यावर ती ठराविक मापानेच सरकावी आणि शंभर बार झाल्यावरही तेथेच राहावी.

माशीचे आकार अनेक आहेत. गोल मण्याची माशी झटकन दिसते, म्हणून शिकारी व संरक्षणाच्या शस्त्रांवर ती प्रिय आहे. पण लांब पल्ल्याला ती दोन कारणांनी गैरसोयीची ठरते. एक तर मण्याला माथ्याची सपाट कड नसते, त्यामुळे तो खाचेच्या कडेशी अचूक समतल करता येत नाही. दुसरे असे की ऊन एका बाजूने आले तर मण्याची तीच बाजू उजळते, नेमबाज उजळलेल्या भागालाच मध्य समजतो, आणि गोळी उजेडाच्या विरुद्ध बाजूला जाते. वैशाखातले आमच्या खानदेशचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज नावाच्या अमेरिकन नेमबाजाच्या नावाने प्रसिद्ध झालेली रचना या दोन्ही दोषांवर उपाय आहे : सपाट माथ्याची, उभ्या बाजूंची काळी पट्टी आणि तिच्या जोडीला चौकोनी खाच. डोळ्यांकडील पृष्ठभाग चकाकू नये म्हणून त्यावर बारीक आडव्या रेघा पाडतात. लांब पल्ल्यासाठी आधार म्हणून हीच रचना घ्यावी.

रुंदीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हात लांब केला असता माशी डोळ्यापासून साधारण ७५ सेंटिमीटरांवर येते. ३.२ मिलिमीटर रुंदीची माशी त्या अंतरावरून पंचवीस मीटरांवरील सुमारे पावणेअकरा सेंटिमीटर जागा व्यापते, म्हणजे काळ्या वर्तुळाच्या निम्मी. शंभर मीटरांवर तीच माशी ४३ सेंटिमीटर झाकते. अडीच मिलिमीटरांची माशी घेतली तर हे माप ३३ सेंटिमीटरांवर येते. यावरून माशी जितकी बारीक तितकी उत्तम असे वाटेल, परंतु फार बारीक माशी मंद प्रकाशात हरवते, आणि दिसत नाही ती माशी कितीही नाजूक असली तरी निरुपयोगी. माशी स्वतःला स्पष्ट दिसेल इतकी रुंद आणि त्याहून अधिक नव्हे, असा मध्यम मार्ग योग्य.

खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या रेघा दिसल्या पाहिजेत, कारण डोळा रुंदी मोजण्यापेक्षा दोन रुंदींची तुलना करण्यात अधिक तरबेज आहे. माशी दूर व खाच जवळ असल्यामुळे दोन्हींची रुंदी सारखी असली तरी माशी लहान दिसते, व प्रकाशाची रेघ आपोआप मिळते. रेघा रुंद ठेवल्या तर नेम लवकर जुळतो, अरुंद ठेवल्या तर अधिक अचूक जुळतो. लांब पल्ल्याच्या सावकाश नेमबाजीत अरुंद रेघ घ्यावी, मात्र ती संध्याकाळच्या प्रकाशातही दिसली पाहिजे.

वयाचाही विचार केला पाहिजे. जवळचे पाहण्याच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात, आणि त्या शब्दातील सत्य मी स्वतः अनुभवीत आहे. चाळिशीनंतर पाऊण मीटरावरील माशी धूसर होऊ लागते, आणि वाचनाचा चष्मा तिच्या अंतराला नेमका जुळतोच असे नाही. अशा व्यक्तीने चष्मा माशीच्या अंतरासाठी करून घ्यावा, अथवा चष्म्यासमोर बारीक छिद्राची चकती लावावी. बारीक छिद्रातून पाहिले असता जवळचे व दूरचे दोन्ही अधिक स्पष्ट दिसते. मात्र प्रकाश कमी होतो, आणि स्पर्धेत असे साधन वापरण्यापूर्वी नियम पाहून घ्यावे लागतात.

५. उंच करणे आणि उंच धरणे

आता मूळ प्रसंगाकडे वळू. नळी वर रोखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, साधनांचे माप बदलणे : खाच उचलणे अथवा माशी ठेंगणी करणे. नेमबाज नेहमीप्रमाणे दोन्हींचे माथे समतल धरतो आणि त्या धरण्यातच नळी वर उचलली जाते. नियम सोपा आहे : गोळी ज्या दिशेला न्यावयाची त्या दिशेला खाच सरकवावी, माशी त्याच्या उलट. म्हणून माशी उंच केली तर गोळी खाली येते, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. अचल साधनांच्या रिव्हॉल्व्हरची गोळी खाली लागत असेल तर कारागीर माशी कानशीने किंचित घासतो. पण घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून प्रत्येक घासणीनंतर बार करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा मार्ग, माप तेच ठेवून धरण्याची रीत बदलणे. माशीचा माथा खाचेच्या कडेशी समतल न धरता तिच्या वर काढावयाचा आणि लक्ष्य माथ्यावरच बसवावयाचे. अमेरिकन नेमबाज एल्मर कीथ यांनी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. रिव्हॉल्व्हरविषयीचा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या माशीच्या उभ्या तोंडावर सोन्याच्या आडव्या पट्ट्या बसवून, जितके अंतर अधिक तितकी खालची पट्टी खाचेच्या कडेशी आणावयाची, अशी त्यांची योजना होती. या रीतीत लक्ष्य माशीखाली झाकले जात नाही, ही तिची मोठी सोय. माशी लक्ष्याच्या वर, रिकाम्या आकाशात धरून अंदाजाने बार करण्यापेक्षा ती कितीतरी अधिक भरवशाची आहे. पट्ट्यांची जागा मात्र केवळ गणिताने ठरवू नये. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतरही या हिशेबात येते, त्यामुळे खाचेसाठी काढलेल्या मापापेक्षा पट्ट्या थोड्या अधिक अंतरावर लागतात. त्या प्रत्यक्ष बार करूनच निश्चित कराव्यात.

निवड अशी करावी : अंतरे ठरलेली असतील आणि वेळ असेल तर सरकणारी खाच. प्रत्येक अंतराची खूण वहीत लिहून ठेवावी. अंतर अनिश्चित असेल तर पट्ट्यांची उंच माशी. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरू नयेत, कारण मग चूक कोणत्या मार्गाची हे कळत नाही.

६. परिभाषेचा प्रश्न

विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्याला अभिप्रेत होते ‘उंच धरणे’. विद्यार्थ्याने घेतला तो अर्थ ‘उंच करणे’. ‘वर घेणे’ हे क्रियापद दोहोंनाही सामावून घेते, कारण ‘घेणे’ वस्तूतील बदल आणि वस्तूची स्थिती यांत भेद करीत नाही. मराठीजवळ हा भेद करण्याची क्रियापदे पूर्वीपासून आहेत. त्यासाठी नव्या संस्कृत संज्ञा घडविण्याचे कारण नाही. वस्तूच्या मापासाठी ‘करणे’ आणि हाताच्या कृतीसाठी ‘धरणे’ एवढा विवेक पाळला तरी घोटाळा टळतो. ‘माशी उंच करा’ म्हणजे गोळी खाली, ‘माशी उंच धरा’ म्हणजे गोळी वर.

शस्त्रांच्या परिभाषेचा विचार मराठीत नवा नाही. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषाकोशांचे मोठे कार्य झाले आहे. तरीही संज्ञांच्या याद्यांत नामांना जितके स्थान मिळते तितके क्रियापदांना मिळत नाही, असे खेदाने नमूद करावेसे वाटते. अग्रदर्शक म्हटले काय किंवा माशी म्हटले काय, अवयव ओळखण्यात फारशी अडचण येत नाही. आमच्या गावाला जुनी माणसे एदलाबाद म्हणतात आणि नवी मुक्ताईनगर, म्हणून कोणी वाट चुकत नाही. वाट चुकते ती ‘वर’, ‘खाली’, ‘घ्या’, ‘करा’ या साध्या शब्दांत. यंत्र, औषध, शेती यांपैकी कोणत्याही विषयावर मराठीतून सूचना लिहिणाऱ्या आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नामांचे कोश जरूर पाहावेत, परंतु लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापदासमोर थांबून एक प्रश्न विचारावा : ही सूचना शब्दशः पाळणारा मनुष्य नेमके काय करील?

माझ्या विद्यार्थ्याने पुढे जुनी माशी परत बसविली, आणि ती उंच धरावयास तो शिकला. पन्नास मीटरांवर त्याच्या गोळ्या आता पत्र्यावर लागतात.